स्टारड्यू व्हॅली घाई न करता कसा खेळायचा (आणि तो नकोच असेल तर दुसरं काय)

स्टारड्यू व्हॅली, म्हणजे छोट्या गावात शेती करत राहायचा व्हिडिओ गेम, घेतलेल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, की अरे आरामाचा गेम म्हणून घेतला आणि खेळताना उलट टेन्शनच येतंय. दिवस भुर्रकन संपतो, पाणी घालून होईपर्यंत दुकान बंद, तोवर एनर्जी संपलेली, आणि रात्रीचे दोन वाजले की आपलं कॅरेक्टर जिथे असेल तिथे धाडकन आडवं. तक्रार खरीच आहे. गेम म्हटलं की आपण आधी जिंकायला बसतो, आणि त्यात वरच्या कोपऱ्यात घड्याळ पळताना दिसलं की वाटतं कुठेतरी डेडलाईन असणारच. तर ती नाहीये. संपूर्ण गेममध्ये खरोखर हातातून निसटेल अशा गोष्टी फारच थोड्या आहेत, आणि त्या कुठल्या हे एकदा कळलं की बाकी सगळं निवांत होतं. म्हणून ही गाईड. यात पैसे लवकर कसे कमवायचे ते मिळणार नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. इथे फक्त ऑफिसमधून किंवा क्लासमधून दमून आल्यावर हा गेम असा कसा खेळायचा की उठताना डोकं हलकं झालेलं असेल, तेवढंच.

आधी घड्याळाचं बघू, कारण सगळं टेन्शन तिथूनच सुरू होतं. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले साधारण सात सेकंद. दिवस सकाळी 6 ला सुरू होतो आणि रात्री 2 ला संपतो, म्हणजे गेमचा एक अख्खा दिवस आपल्या चौदा-एक मिनिटांत जातो. एकटे खेळत असाल तर बॅग किंवा मेनू उघडला की घड्याळ थांबतं, त्यामुळे विचार करायचा असेल, मॅप बघायचा असेल, चहा ओतून आणायचा असेल तर मेनू उघडून ठेवा आणि जा खुशाल. एक सीझन 28 दिवसांचा, सीझन चार, स्प्रिंग, समर, फॉल, विंटर. आणि वर्षं किती? कितीही. गेम संपतच नाही, त्यामुळे या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी हे इथे अगदी शब्दशः खरं आहे.

आता खरी डेडलाईन कुठे आहे ते सांगते. एक म्हणजे सीझन बदलला की शेतातलं त्या सीझनचं पीक वाळून जातं. फ्लॉवरला 12 दिवस लागतात, तो स्प्रिंगच्या 20 तारखेला लावला तर गेला. म्हणून बी घेताना त्यावर लिहिलेले दिवस बघायचे आणि महिन्याचे किती उरलेत ते बघायचं, झालं. दुसरं म्हणजे दुकानांच्या वेळा, गावातलं पिएरचं बियाण्यांचं दुकान 9 ते 5 आणि बुधवारी बंद, पण ते गुरुवारी परत उघडतंच. बास. इतकंच.

बाकी ज्यांना आपण डेडलाईन समजतो त्या नाहीतच. एक दिवस पाणी नाही घातलं तर रोप मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. कोंबड्यांना खायला घालायचं राहिलं तर त्या मरत नाहीत, रुसतात आणि अंडं देत नाहीत. सण हुकला तर पुढच्या वर्षी त्याच तारखेला परत येतो. कम्युनिटी सेंटरच्या बंडल्सना (गावातलं पडकं सभागृह दुरुस्त व्हावं म्हणून भरायचे वस्तूंचे गठ्ठे) तारीखच नाही, दहाव्या वर्षी भरलेत तरी चालतात. आणि आजोबा! ज्यांनी हे शेत तुमच्यासाठी मागे ठेवलं त्या आजोबांची सगळ्यांना धास्ती असते, की तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांचा आत्मा येऊन तुमच्या शेताचं मोजमाप करणार आणि चार मेणबत्त्या पेटल्या नाहीत तर संपलं. तर तसं नाहीये, त्यांच्या समाधीवर एक हिरा ठेवला की ते पुन्हा मोजतात, आणि हे हवं तितक्या वेळा करता येतं. पहिल्या दोन वर्षांत धावाधाव करण्याचं जे एक मोठं कारण सांगतात ते इथेच निकालात निघालं.

हा गेम ज्याने बनवला त्यानेही घाई केली नव्हती हे मला फार आवडतं. एरिक बॅरोन, एकटा माणूस, अमेरिकेतल्या सिएटल भागातला. साधारण साडेचार वर्षं त्याने कोड, चित्रं, संगीत, संवाद सगळं स्वतः केलं, मध्ये एका थिएटरात लोकांना सीटवर बसवायचं पार्टटाईम काम करत होता, आणि 26 फेब्रुवारी 2016 ला गेम बाहेर काढला. लहानपणी खेळलेल्या हार्वेस्ट मून या शेतीच्या गेमसारखं काहीतरी हवं होतं त्याला. त्यानंतर इतकी वर्षं तो फुकट अपडेट देतोय, 1.6 हे मोठं अपडेट 2024 मध्ये आलं, आणि एकूण विक्री 4 कोटी कॉपींच्या पुढे गेलीये. एकट्या माणसाच्या हातचं काम आहे हे खेळताना जाणवतं, म्हणजे मागच्या गल्लीतल्या खिडकीत ठेवलेल्या कुंडीकडेसुद्धा कुणीतरी लक्ष दिलंय असं वाटतं.

घ्यायचा कुठे, चालेल का

चालेल. 2 जीबी रॅम आणि 500 एमबी जागा एवढीच याची मागणी आहे, म्हणजे घरात कॉलेजच्या काळातला जुना लॅपटॉप पडून असेल तरी चालतो, ग्राफिक्स कार्डची भानगड नाही. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) घेत असाल तर यूपीआयने पैसे भरता येतात, आणि सेल असला की किंमत बरीच खाली येते, तोवर विशलिस्टला टाकून ठेवा, मेल येतो. स्टीमचा रिफंडचा नियमही माहीत असू द्या, घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, त्यामुळे आवडेल की नाही या चिंतेत महिनोन्‌महिने बसू नका. मोबाईलवर पण आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर, एकदाच पैसे भरायचे, जाहिराती नाहीत, मध्ये मध्ये "हिरे विकत घ्या" नाही. मोबाईलचं माझं मत असं की शेती आणि गप्पांसाठी मस्त आहे, बोट लावलं तिकडे कॅरेक्टर चालत जातं आणि बरोबर हत्यार आपोआप हातात येतं, पण मासेमारी आणि खाणीतली मारामारी बटणांवरच बरी. मराठीत किंवा हिंदीत गेम नाही, इंग्रजीत खेळावा लागतो, पण वाक्यं छोटी आणि सोपी आहेत, आणि वाचायला आपल्याला हवा तेवढा वेळ मिळतो कारण संवाद चालू असताना घड्याळ थांबलेलं असतं.

सुरुवातीला शेताचा प्रकार निवडायला सांगतात तिथे लोक अर्धा तास अडकतात. सोपं करून सांगते. काही कळत नसेल तर स्टँडर्ड घ्या, जागा भरपूर. जनावरं पाळायचा विचार असेल तर मेडोलँड्स, त्यात कोंबड्यांचं खुराडं आणि दोन कोंबड्या पहिल्या दिवसापासून तयार मिळतात, निवांत खेळणाऱ्याला याच्यापेक्षा छान सुरुवात नाही. वाइल्डरनेस मात्र घेऊ नका, रात्री शेतावर राक्षस येतात. तिथेच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "पहिल्या वर्षात पूर्ण होण्याची गॅरंटी" असा एक पर्याय आहे, त्याच्या वाटेला जायची गरज नाही, आपल्याला पहिल्या वर्षात काही पूर्ण करायचंच नाहीये. गेम सुरू झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन "हत्यार कुठे लागणार ते दाखवा" वालं ऑप्शन चालू करा, नाहीतर आपण मारतो एका चौकोनावर आणि खड्डा पडतो शेजारच्यावर, उगाच चिडचिड. विंडो बदलली की गेम आपोआप थांबावा ते ऑप्शन पण चालू ठेवा, दारावरची बेल वाजली तर धावपळ नको.

पहिला आठवडा

खिशात 500 सोन्याची नाणी, पाच हत्यारं, आणि सरपंच लुइसने ठेवलेली पार्सनिपची (पांढऱ्या गाजरासारखं कंदमूळ) 15 बियाणी (मेडोलँड्स घेतलं असेल तर बियांऐवजी चारा मिळतो). समोर सगळं शेत दगड, लाकडं, झुडपांनी भरलेलं. पहिली इच्छा होते ते सगळं साफ करायची आणि तिथेच एनर्जी संपते. करू नका. पूर्ण एनर्जी 270 असते आणि कुऱ्हाडीचा, कुदळीचा प्रत्येक घाव, पाण्याचा प्रत्येक चौकोन थोडी थोडी खातो, फक्त गवत कापायच्या विळ्याला एनर्जी लागत नाही. घरासमोर 15 रोपांपुरती जागा करा, बिया लावा, पाणी घाला आणि झारी ठेवून गावात फिरायला जा. रोज जरा जरा साफ होतं ते शेत, आणि अर्धं तसंच जंगल राहिलं तरी छान दिसतं, लाकूडही तिथूनच मिळत राहतं.

पार्सनिपचं बी 20 ला, विक्री 35 ला, चार दिवसांत तयार. हे पहिले पैसे आले की परत सगळ्याचं बी घ्यायचा मोह होतो. झारीत 40 चौकोनांचं पाणी मावतं, आणि सुरुवातीला प्रत्येक चौकोन 2 एनर्जी घेतो, म्हणजे 60 रोपं लावलीत की निम्मी एनर्जी आणि सगळी सकाळ पाण्यातच गेली. माझं ठाम मत आहे की स्प्रिंकलर येईपर्यंत पंचवीसच्या वर रोपं नकोत. पंचवीस रोपांना पाणी घालणं हे सुंदर काम आहे, झारीचा आवाज, माती गडद होत जाते, हळूहळू पुढे सरकायचं. शंभर रोपांना पाणी घालणं म्हणजे नोकरी. शेतीची लेव्हल 6 झाली की क्वालिटी स्प्रिंकलर बनवता येतो, तो आजूबाजूच्या आठ चौकोनांना रोज सकाळी स्वतः पाणी घालतो, मग वाढवा शेत हवं तेवढं.

50 लाकडं जमली की पहिली वस्तू पेटी बनवा. बॅगेत सुरुवातीला फक्त 12 खण असतात आणि काय टाकू काय ठेवू यात जीव जातो, पेटी दाराशी ठेवली की तो प्रश्न मिटला. बिया पेटीत कधीच खराब होत नाहीत हे पण लक्षात ठेवा, याचा एक छान उपयोग आहे. स्प्रिंगच्या 13 तारखेला एग फेस्टिवल असतो, तिथे स्ट्रॉबेरीचं बी 100 ला मिळतं. घाईवाले लोक त्या रात्री दहाला घरी येऊन अंधारात लावतात, तरी दोनच तोडे मिळतात. तुम्ही नका लावू. जमेल तेवढं बी घ्या, पेटीत टाका आणि पुढच्या स्प्रिंगच्या 1 तारखेला लावा, तेव्हा महिनाभरात पाच तोडे मिळतात. न धावणाऱ्यालाच इथे जास्त मिळतं!

झोपेचं सांगायचं राहिलं. लोक रात्री दीड-पावणेदोनपर्यंत काम ओढतात आणि पलंगापर्यंत पोचायच्या आत पडतात, मग थोडे पैसे जातात आणि सकाळी एनर्जी कमी मिळते. खरं तर झोपायला वेळेचं बंधन नाही, दुपारी तीनला सगळं आवरलं तर तीनला झोपा, पुढचा दिवस सुरू. गेम काही म्हणत नाही. एनर्जी संपली म्हणून उरलेला दिवस भरून काढायलाच हवा असं अजिबात नाही, पण फिरायचं असेल तर चालायला एनर्जी लागत नाही, आणि स्प्रिंगमध्ये वाटेत पडलेले लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) वगैरे उचलून खाल्ले तर थोडी भरून पण येते.

पावसाचा दिवस

सकाळी उठलं की टीव्ही लावायची सवय लावून घ्या, उद्याचं हवामान सांगतात. उद्या पाऊस म्हटलं की समजायचं सुट्टी, कारण पावसात पाणी घालावं लागत नाही. झारी तांब्याची करून घ्यायची असेल तर हाच मुहूर्त, आज पाणी घालून झाल्यावर झारी क्लिंट लोहाराकडे द्यायची, तो दोन दिवस ठेवून घेतो, त्यातला एक पावसात निघून जातो.

आणि पावसाचा तो दिवस मग काही न ठरवता घालवा, खरंच. माझ्या मते हा गेम काय आहे ते त्याच दिवशी कळतं. संगीत बंद होतं आणि नुसता पावसाचा आवाज राहतो, घराबाहेर पडलं की शेत सगळं ओलं, गावातल्या रस्त्यावर फारसं कुणी नाही, लोक घरात किंवा गावातल्या बारमध्ये. नदीवर गेलात तर स्प्रिंगच्या पावसात कॅटफिश मिळतो, पण तो पहिल्या वर्षी दोरी तोडूनच पळतो, जाऊ दे. समुद्राकडे जा, विली कोळ्याचं दुकान तिथे लाकडी धक्क्यावर आहे, आत जाऊन त्याच्याशी दोन वाक्यं बोला. परत येताना डोंगराच्या बाजूने या, तिथे लायनस तंबूत राहतो. त्याला काही देऊन बघा, रानात सापडलेलं बहुतेक सगळं चालतं त्याला. त्याच्याशी दोस्ती वाढली की तो जे बोलतो ते मी इथे सांगणार नाही.

हेडफोन असतील तर लावा. हा सल्ला सगळेच देतात पण इथे खरंच फरक पडतो.

मासे आणि खाण

या दोन ठिकाणी निवांतपणा तुटतो म्हणून वेगळं लिहिते. 2 तारखेला विलीचं पत्र येतं, तो एक बांबूची काठी देतो, आणि पहिल्याच माशाला लोक वैतागून गेम बंद करतात. हिरवी पट्टी माशाच्या मागे ठेवायची असते आणि ती सुरुवातीला इवलीशी असते. दोन उपाय. एक, बटण दाबून धरू नका, हलके हलके टकटक करत राहा, पट्टी जागेवर तरंगते. दुसरा, विलीकडे 25 ला ट्रेनिंग रॉड मिळतो, त्याने पट्टी मोठी होते, मासे साधेच मिळतात पण लेव्हल वाढत जाते, आणि लेव्हल वाढली की पट्टी आपोआप मोठी. यात कमीपणा काही नाही, तो त्यासाठीच ठेवलाय. लेव्हल 3 ला खेकड्यांचे सापळे बनवता येतात, आमिष घालून पाण्यात सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं काय सापडलं, ज्यांना मासेमारी झेपत नाही त्यांनी फक्त एवढंच केलं तरी चालतं.

खाण 5 तारखेला उघडते, 120 मजले, दर पाच मजल्यांनी लिफ्ट. पाच मजले उतरलात की परत फिरा, तेवढंच आजचं काम. तब्येत निम्म्यावर आली की खा किंवा वर या, आत बेशुद्ध पडलात तर पैसे आणि सामान जातं. पण ज्यांना तलवार हातात घ्यायचीच नाही त्यांच्यासाठी आहे की मार्ग: क्लिंट पहिल्या वर्षी तांब्याचं खनिज 75 ला, लोखंडाचं 150 ला विकतो. महाग आहे, फायद्यात बसत नाही, हिशोबवाले ओरडतील. पण तुम्ही शेतकरी म्हणून पैसे कमवताय आणि लोहाराकडून लोखंड घेताय, यात विचित्र काय आहे?

माणसं

पैसे, शेत, खाण यांच्याबद्दल लोक इतकं बोलतात की गावातली माणसं राहूनच जातात, आणि तीच तर या गेमचा जीव आहेत. व्हीलचेअरवर बसलेले म्हातारे जॉर्ज आधी नीट बोलतसुद्धा नाहीत. त्यांना लीक खूप आवडतं, तेच लीक, जे स्प्रिंगमध्ये रस्त्याच्या कडेला फुकट उगवतं. आठवड्यातून दोन वेळा एखाद्याला भेट देता येते, वाढदिवसाला दिली तर आठपट किंमत. पण सगळ्या गावाला खूश ठेवायचा तक्ता बनवू नका, बरेच जण बनवतात आणि मग ते कुरिअर वाटणं होऊन बसतं. दोन-तीन माणसं निवडा ज्यांच्याबद्दल कुतूहल वाटतंय, वाटेत भेटली तर बोला, हातात काही असेल तर द्या. दोस्ती न बोलल्याने घटते पण अगदी थोडी, पुन्हा बोलायला लागलं की येते परत.

विकीबद्दल पण एक. स्टारड्यूची विकी अप्रतिम आहे, लोकांनी प्रेमाने लिहिलीये, पण पहिलं वर्ष तरी ती बंद ठेवा. कुणाला काय आवडतं हे त्या माणसाच्या बोलण्यातून, घरात जाऊन कळतं आणि असं स्वतः कळण्यातच मजा आहे. विकी उघडायची ती अडकल्यावर. उदाहरणार्थ लाल कोबीचं बी पिएरकडे दुसऱ्या वर्षापासून येतं, हे माहीत नसेल तर लोक पहिल्या वर्षभर ते शोधत बसतात. म्हणून इथेच सांगून टाकलं. आणि सायलो (चारा साठवायचं कोठार) गवत कापायच्या आधी बांधा, 100 दगड, 10 चिकणमाती, 5 तांब्याच्या विटा आणि 100 नाणी, नाहीतर कापलेलं गवत वाया जातं आणि विंटरला कोंबड्यांसाठी चारा विकत घ्यावा लागतो.

विंटरला बाहेर जवळजवळ कुठलंच पीक येत नाही, नवीन लोकांना वाटतं आता 28 दिवस करायचं काय. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला महिना. पाणी नाही, नांगरणी नाही, कोंबड्यांना गोंजारून झालं की दिवस मोकळा.

थांबायचं कधी

गेम सेव्ह होतो तो झोपल्यावरच. त्यामुळे मध्येच बंद केला तर तो दिवस गेला, म्हणून लोक "हा एक दिवस संपवतो" म्हणतात, आणि दिवस संपला की सकाळी कोंबडा आरवतो, शेतात काहीतरी तयार झालेलं असतं, टपाल आलेलं असतं, आणि मग अजून एक. रात्रीचे दोन खऱ्या आयुष्यात वाजतात. यावर मला चाललेला उपाय म्हणजे बसतानाच दिवस ठरवायचे, आज तीन दिवस, म्हणजे पाऊण तास, आणि तिसऱ्या रात्री झोपलं की सकाळ झाल्यावर घराच्या बाहेर पाऊलच टाकायचं नाही, पलंगाशेजारीच मेनू उघडून बंद. एकदा दाराबाहेर गेलात की संपलं. मोबाईलवर जरा बरं आहे, ॲप सोडून गेलात तरी दिवसाच्या मध्यावरून परत सुरू करता येतं.

आणि महिनाभर खेळावासा वाटला नाही तर नका खेळू. रोज यायची बक्षिसं वगैरे काही नाही इथे, शेत जसं सोडलं तसंच असतं. परत आल्यावर काय चाललं होतं ते आठवत नसेल तर पहिला दिवस फक्त पेट्या उघडून बघण्यात घालवा.

दोघांनी खेळणार असाल तर, म्हणजे नवरा-बायको, भावंडं, किंवा एक पुण्यात आणि एक बाहेरदेशी असे मित्र, तर लक्षात घ्या की मल्टीप्लेअरमध्ये मेनू उघडला तरी घड्याळ थांबत नाही आणि दिवस संपायला सगळ्यांनी झोपावं लागतं. भांडणं याच्यावरूनच होतात, एक जण पलंगावर वाट बघत बसलाय आणि दुसरा खाणीत. आधीच ठरवा की रात्री दहाला घरी, आणि पैसे एकत्र ठेवायचे की वेगळे ते पण ठरवा. बाकी कामं आपोआप वाटली जातात, कुणाला तरी मासे आवडतात आणि कुणाला तरी शेत.

स्टारड्यू नकोच असेल तर

घड्याळ दिसलं की छातीत धडधडतंच असा स्वभाव असतो काहींचा, त्यांनी वर लिहिलेलं सगळं सोडून दिलं तरी चालेल. कसला थकवा आहे ते बघून गेम निवडा. दिवसभर निर्णय घेऊन डोकं शिणलं असेल तर टाउनस्केपर, ऑस्कर स्टोलबर्गचा, यात ध्येयच नाही, समुद्रावर टिचकी मारली की रंगीत घर उगवतं, अजून मारली की मजला चढतो, आपोआप जिने कमानी बागा तयार होतात. पैसे नाहीत, लोक नाहीत, हरणं नाही. थोडा विचार करायला आवडतो पण गडबड नको, त्यांना डॉर्फरोमँटिक, बर्लिनच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, षटकोनी तुकडे जोडत जंगल, शेतं, नद्या, रेल्वे वाढवत जायचं, वेळेचं बंधन नाही आणि गुणांचा पण त्रास वाटला तर क्रिएटिव्ह मोड आहे.

काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान एकाच संध्याकाळी हवं असेल तर अ शॉर्ट हाईक. क्लेअर नावाची पक्षीण, फोनला रेंज नाही म्हणून डोंगराच्या टोकावर जायचंय, वाटेत सोनेरी पिसं गोळा केली की जास्त चढता आणि उडता येतं. दोनेक तासांत संपतो, पण सरळ टोकावर जाऊ नका, खाली किनाऱ्यावर भटका, लोकांची छोटी छोटी कामं करा, आणि उंचावरून उडी मारून तरंगत खाली या, त्यासारखं सुख नाही. घर आवरायला आवडतं त्यांच्यासाठी अनपॅकिंग, 2021 चा, ऑस्ट्रेलियातल्या विच बीमचा. एका मुलीची 1997 ते 2018 मधली घरं, प्रत्येक वेळी खोके उघडून सामान लावायचं, एकही संवाद नाही आणि तरी तिचं सगळं आयुष्य कळतं. एका घरात तिच्या डिग्रीच्या फ्रेमला भिंतीवर जागाच सापडत नाही, शेवटी पलंगाखाली सरकवावी लागते, आणि तिथे कळतं या घरात काय चुकतंय. वस्तू चुकीच्या जागी ठेवली की लाल रेघ येते, तीही नको असेल तर सेटिंगमध्ये "काहीही कुठेही ठेवू द्या" आहे.

स्पिरिटफेअरर दिसायला याच पंगतीतला आहे, सुंदर आहे, पण गेलेल्या माणसांना निरोप द्यायचा गेम आहे तो. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर आत्ता नको.

आणि वेंबा. हा मात्र प्रत्येक भारतीय माणसाने खेळावा. 2023 ला आला, टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा, 1980 च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, आणि ती पुढे जाते स्वयंपाकातून. वेंबाकडे आईची रेसिपीची वही आहे, फाटलेली, डाग पडलेली, अक्षरं पुसलेली, आणि त्यातून पदार्थ कसा करायचा ते आपण ओळखायचं. सुरुवातच इडलीने होते. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या म्हणजे वाफ सगळीकडे पोचेल हे कोडं आहे, आणि ज्यांच्या घरी इडलीपात्र आहे त्यांचा हात बरोबर त्या जागी जातो. चुकलं तरी काही बिघडत नाही, परत करून बघायचं. दीड-दोन तासांचा आहे, त्यामुळे रिकाम्या पोटी सुरू करू नका, आणि जमलं तर आईला शेजारी बसवून खेळा, ताटल्या कशा लावायच्या ते ती वहीच्या आधी सांगेल.